गोदीचा स्फोट आणि न दिसलेला चित्रपट

बेलग्रेड शहरातील एका वस्तीत मुलांचे बास्केटबॉलचे मैदान होते. बॉम्ब पडला आणि तेथे काँक्रीटचे ढिगारे, वाकलेल्या सळया आणि राखाडी धूळ उरली. हल्ले थांबलेले नाहीत, रात्र झाली की भोंगे वाजतात, आणि अशा वेळी त्या वस्तीतील काही तरुण ठरवतात की हे मैदान साफ करून पुन्हा खेळण्याजोगे करायचे. फावडी आणि घमेली घेऊन ते कामाला लागतात. 'नेबेस्का उदित्सा' या सर्बियन चित्रपटाची कथा एवढीच आहे. बास्केटबॉलमध्ये डोक्यावरून हात वळवून चेंडू टोपलीत टाकण्याच्या एका फटक्याला 'स्काय हुक' म्हणतात, त्यावरून हे नाव आले. ल्युबिशा समार्जिच हे त्या देशातील लोकप्रिय अभिनेते. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिला चित्रपट. तो इतक्या तातडीने तयार झाला, की बॉम्बहल्ले संपून वर्ष उलटण्याआधीच, फेब्रुवारी २००० मध्ये, बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी दाखवला गेला.

१९९९ च्या २४ मार्चपासून १० जूनपर्यंत, म्हणजे ७८ दिवस, नाटो राष्ट्रांची विमाने युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकत होती. कोसोवोत त्या देशाच्या राजवटीने चालवलेले अत्याचार हे त्यामागचे कारण सांगितले गेले आणि ते अत्याचार खोटे नव्हते. पण बेलग्रेडच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिकेने किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कोसोवोत काही केले नव्हते. भोंगा मात्र त्यांच्यासाठीही वाजत होता. मे महिन्यात वीजतारांवर कार्बनचे धागे पसरवणारे बॉम्ब टाकण्यात आले आणि देशाच्या फार मोठ्या भागातील वीज एका रात्रीत गेली. लोक छातीवर नेमबाजीच्या लक्ष्याचे चित्र लावून पुलांवर आणि चौकांत उभे राहिले. समार्जिच यांच्या चित्रपटाला या राजकारणात फारसा रस नाही. त्याचे लक्ष घराकडे आहे. नायकाची विभक्त पत्नी मुलाला घेऊन देशाबाहेर जाऊ पाहते, कारण धसक्याने त्या मुलाचे बोलणेच थांबले आहे. नायक मात्र मैदानावर दगड उचलतो आहे. दोघांपैकी कोण बरोबर, याचा निवाडा प्रेक्षकाने पटकन करू नये अशी ही मांडणी आहे, आणि चित्रपटाचे खरे बळ तिच्यातच आहे.

सर्बियाला अशा चित्रपटांची जुनी सवय आहे. १९८० साली स्लोबोदान शियान यांनी काढलेल्या 'को तो तामो पेवा' या चित्रपटात ५ एप्रिल १९४१ रोजी एक खटारा बस बेलग्रेडकडे निघते. सारा वेळ तिकिटाच्या पैशांवरून, जागेवरून आणि हरवलेल्या पाकिटावरून भांडणे चालतात. बस शहरात पोहोचते ती ६ एप्रिलच्या सकाळी, नेमकी जर्मन विमाने येतात तेव्हा. ज्या पाकिटासाठी माणसे अंगावर धावून गेली, त्या पाकिटाची किंमत मग काय राहिली हे कोणी बोलून दाखवत नाही.

हे सारे वटारसारख्या गावात बसून पाहणाऱ्याला परके वाटणे साहजिक आहे. विरार-नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, किनाऱ्यालगतच्या हिरव्या पट्ट्यात, आगाशीच्या शेजारचे हे गाव. केळी, पानवेली, फुले आणि भाजी ही या पट्ट्याची जुनी ओळख. आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात दर्शनाला येणारी मुंबईची कुटुंबे या परिसरातून पिढ्यान्पिढ्या ये-जा करीत आली. युद्ध म्हटले की येथे आठवण निघते ती फार मागची: अर्नाळ्याच्या किल्ल्याची आणि १७३९ च्या वसईच्या वेढ्याची. चिमाजी आप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून बुरूज उडवले, मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले आणि ठरलेल्या मुदतीत त्यांच्या कुटुंबांना सुखरूप जाऊ देण्यात आले. बखरींना सरदारांशी काम. वाडीला पाणी देणारा माणूस त्या वेढ्यात काय खात होता, याच्याशी नाही. त्यानंतर या भागावर कोणी बॉम्ब टाकला नाही. तरीही दुसऱ्या महायुद्धातील एका संध्याकाळचा आवाज या गावापर्यंत पोहोचण्याच्या टप्प्यात होता. मुंबईच्या गोदीतील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाचा आवाज सुमारे ८० किलोमीटरपर्यंत ऐकू गेल्याची नोंद आहे, आणि गोदीपासून वटारचे सरळ अंतर सुमारे ५० किलोमीटर भरते.

तो आवाज ऐकून मुंबईतील बहुतेकांच्या मनात एकच विचार आला: जपानी आले. तसे वाटण्याला दोन वर्षांची पूर्वतयारी होती. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर बॉम्ब पडले आणि तेथे पेढ्या थाटलेले हजारो हिंदी लोक सर्वस्व मागे टाकून, कित्येक तर पायी, परत आले. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकिनाडा यांच्यावर जपानी विमाने आली. त्या वर्षाच्या डिसेंबरात कोलकात्यावर आली. मुंबईत दिव्यांवर काळे कागद चढले, खिडक्यांच्या काचांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या गेल्या आणि ज्यांना शक्य होते त्यांनी बायका-मुलांना गावी पाठवले. पेढीवर पुरुषमाणसे राहिली. कुटुंब कोठे सुरक्षित आणि व्यापार कोणी सांभाळायचा, हा समार्जिच यांच्या चित्रपटातील पती-पत्नींचा वाद मुंबईच्या कित्येक घरांत १९४२ सालीच होऊन गेला होता. पुढे भीती ओसरली, माणसे परतली, आणि बॉम्ब येणार नाही अशी खात्री वाटू लागली असतानाच तो आला. विमानातून नव्हे, जहाजातून आला.

'फोर्ट स्टिकाइन' हे सात हजार टनांचे मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा होत्या. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक असा माल भरण्यात आला. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात भरणे म्हणजे काय, हे कापसाच्या वखारीत एक उन्हाळा काढलेला कोणीही गुमास्ता सांगू शकला असता. जहाजाच्या कप्तानालाही ते पसंत नव्हते. पण युद्धकाळ होता, जहाजे कमी होती, आणि रिकामी जागा पाठवणे परवडत नव्हते. असा धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे असते; तेही लावलेले नव्हते. स्फोटके आधी उतरवायला हवी होती. ती तशीच राहिली.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या कोठारातून धूर दिसला. कोणाच्या तरी विडी-सिगारेटने कापूस पेटला असावा, असे पुढे चौकशीत अनुमान निघाले. पुढचे दोन तास हा या कहाणीतील सर्वांत संतापजनक भाग आहे. बंब आले, नळ्या लागल्या, शेकडो टन पाणी आत ओतले गेले, पण आग नेमकी कोठे आहे ते सापडेना. जहाज बुडवावे की समुद्रात न्यावे की जागीच विझवावे, यावर अधिकाऱ्यांत एकमत होईना. अंतिम शब्द कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरपर्यंतच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या धक्क्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. अर्ध्या तासाच्या आतच दुसरा स्फोट झाला आणि पेटत्या कापसाच्या गासड्या आकाशातून शहरावर पडू लागल्या.

त्या पडल्या त्या कोठे, हे व्यापारी घरांना वेगळे सांगावे लागू नये. गोदीच्या पाठीला मांडवी आणि मस्जिद बंदर. नरशी नाथा स्ट्रीट, केशवजी नायक रोड ही नावेच त्या वस्तीचा इतिहास सांगतात: कच्छमधून आलेल्या जैन व्यापाऱ्यांनी धान्य, कापूस आणि मसाल्याच्या व्यापारावर उभी केलेली ही दुनिया. खाली वखार, वर बिऱ्हाड, जवळच देरासर. तेथेच हमाल, खलाशी, गाडीवान यांच्या चाळी आणि झोपड्या. पेटती गासडी मालक आणि हमाल यांच्यात भेद करीत नव्हती, इतके तरी खरे. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचा आकडा कोठे आठशे दिला जातो, कोठे तेराशे. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान परत आले नाहीत. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्यानंतरचा आठवडा अग्निसुरक्षेचा मानला जातो. दुकानात लाल रंगाचे अग्निशामक नळकांडे टांगण्याची सक्ती करणारा अधिकारी एप्रिलात हमखास का येतो, याचे मूळ व्हिक्टोरिया गोदीत आहे.

दोनच दिवसांनी, रविवारी १६ एप्रिल १९४४ रोजी, बेलग्रेडमध्ये सनातनी ख्रिस्ती लोकांचा ईस्टर होता. घरोघर सणाची तयारी होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही शहरावर बॉम्ब पडले, आणि ते टाकणारी विमाने जर्मनांची नव्हती. जर्मनांच्या ताब्यातून ते शहर सोडवू पाहणाऱ्या दोस्तांचीच होती. मांडवीतील वखारी त्या वेळी धुमसतच होत्या. दोन्ही शहरांत माणसे मेली ती शत्रूच्या हातून नव्हे. मुंबईचे जहाज दोस्तांचे, दारूगोळाही दोस्तांचा. हा योगायोग कोणी जुळवून सांगत नाही, कारण दोन्ही घटना आपापल्या सरकारांना अडचणीच्याच होत्या.

मुंबईत तर बातमीच दाबण्यात आली. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी स्फोटाचे तपशीलवार वर्णन केले, आणि ज्या शहराच्या डोळ्यांदेखत हे घडले त्याच्या सरकारने मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ती बातमी बाहेरच्या जगाला कळू दिली नाही. छायालेखक सुधीश घटक यांनी स्फोटाचे आणि त्यानंतरच्या हाहाकाराचे चित्रण केले होते. लष्करी अधिकाऱ्यांनी ते जप्त केले. पुढे त्याचे काही तुकडे बातमीपटात दाखवले गेले. बेलग्रेडच्या ढिगाऱ्यांवर वर्षाच्या आत कथापट निघतो आणि तो थेट बर्लिनला जातो. मुंबईच्या ढिगाऱ्यांचे चित्रण झाले, पण ते पडद्याऐवजी आधी लष्कराच्या कपाटात गेले. सर्बियाची राजवट काही उदार नव्हती. तरीही तेथील सामान्य माणसाला स्वतःचे दुःख पडद्यावर पाहता आले. या तुलनेत परकीय सत्तेची मुंबई उणी ठरते.

चित्रच राहिले नाही तेव्हा आठवण आपल्या सोयीने निवड करू लागते. आज गोदीच्या स्फोटाबद्दल विचारले तर पहिल्यांदा ऐकू येते ती सोन्याच्या विटेची गोष्ट. जहाजातील एक वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती परत केली आणि त्यांना ९९९ रुपयांचे बक्षीस मिळाले. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे, अगदी १९७० च्या दशकातही, गोदीत विटा सापडत राहिल्या. पण त्याच आगीत ५० हजार टनांहून अधिक धान्य नष्ट झाले, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. आदल्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. मुंबईत १९४३ पासून धान्याचे रेशनिंग सुरू झाले होते. तशात एका संध्याकाळी इतका तांदूळ आणि इतर धान्य राख झाले आणि काळा बाजार तेजीत आला. सोन्याची वीट परत करणाऱ्या एका माणसाचे शहराला कौतुक आहे. तांदळाचे पोते दडवणाऱ्या अनेकांची आणि ते ठरल्या भावाने देणाऱ्या काहींची नावे कोणी ठेवली नाहीत. जैन गृहस्थाच्या अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना शास्त्रकारांनी चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे आणि खोटी मापे वापरणे यांची वेगवेगळी नोंद केली. गोदीतून उचललेला माल एप्रिल १९४४ मध्ये गल्लोगल्ली विकायला येत होता तेव्हा हे तिन्ही अतिचार उंबरठ्यावरच उभे होते.

आणखी एक अडचण निव्वळ पेढीची होती. साध्या आगीच्या विम्यात युद्धसामग्रीचा असा स्फोट बसत नव्हता. विमा कंपन्यांचे म्हणणे एक, व्यापाऱ्यांचे दुसरे, आणि ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना वाद घालायलाही बळ नव्हते. अखेर सरकारला त्याच वर्षी मुंबई स्फोट भरपाई वटहुकूम काढावा लागला. पण भरपाई मागायची तर माल किती होता, कोणाचा होता, कोणत्या भावाचा होता हे दाखवावे लागते. ज्याचे चोपडे वखारीतच होते त्याचा पुरावा मालाबरोबर जळाला. ज्या मेहताजीने रोजमेळ बगलेत मारून घर गाठले, त्याने मालकाची निदान अर्धी पेढी वाचवली. स्फोटाचा फटका सुमारे सहा हजार पेढ्यांना बसला आणि ५० हजार लोकांचा रोजगार गेला. या ५० हजारांत मालक थोडे आणि रोजावर राबणारे फार. त्यांच्यापाशी दाखवायला चोपडाही नव्हता.

मग मलबा उपसण्याचे काम सुरू झाले. सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबली आणि पाच लाख टन ढिगारा हलवला गेला, तेव्हा गोदी पुन्हा उभी राहिली. समार्जिच यांनी एका मैदानासाठी अख्खा चित्रपट खर्च केला. या आठ हजार जणांपैकी एकाचाही चेहरा आज कोणाच्या डोळ्यांसमोर नाही. त्याच महिन्यांत वसईच्या पट्ट्यातील टोपल्या नेहमीप्रमाणे शहराकडे जात असणार. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ मध्येच आली होती आणि मुंबईचा बाजार हाच या वाड्यांचा गिऱ्हाईक होता. शहर जळाले म्हणून केळीचा घड पिकायचा थांबत नाही, आणि बेघर झालेल्यालाही भाजी लागतेच.

मांडवीतील त्या घरांपैकी काहींची नातवंडे आज विरार, नालासोपारा, वसई येथे स्थायिक आहेत आणि सणावाराला आगाशीला येतात. माळ्यावरच्या ट्रंकेत लाल कापडाचे चोपडे असलीच, तर संवत २००० चा चोपडा काढून पाहण्यासारखा आहे. १९४३ च्या दिवाळीत त्याचे पूजन झाले असेल. चैत्राच्या वद्य पक्षात एका शुक्रवारी नोंदी तुटलेल्या दिसतील. पुढची पाने कोरी असतील, किंवा शाई आणि अक्षर बदललेले असेल. त्यानंतरच्या आठवड्यांत तांदळाचा भाव काय लिहिला आहे तो पाहावा. अर्थात काळ्या बाजाराचा भाव चोपड्यात लिहीत नाहीत, हे व्यापारी वाचकाला सांगायला नको. म्हणून खतावणीत आणखी एक पान उघडावे, धर्मादा खात्याचे. वैशाखात त्या खात्यातून किती पोती निघाली आणि कोणाच्या नावावर, ते तेथे असेल.